तेलाचा भाव किलोचा की लिटरचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सण तोंडावर आला की खाद्यतेलाच्या भावाच्या बातम्या सुरू होतात. एका बातमीत भाव किलोचा असतो, दुसरीत लिटरचा आणि तिसरीत नुसता ‘डब्याचा’. वाचणाऱ्याने त्यातून काय समजायचं? माझा फराळाचा घरगुती व्यवसाय आहे. चकली, शेव, चिवडा मी किलोवर विकते, त्यामुळे तेलही किलोतच मोजावं लागतं. म्हणून हा पत्रप्रपंच.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत डोक्यात बसलेलं असतं आणि तोच हिशेब आपण नकळत तेलाला लावतो. पण तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते हलकं आहे. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल यांपैकी कुठलंही घ्या, लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. डबा घेताना हा फरक खिशाला लागतो. १५ किलोचा आणि १५ लिटरचा असे दोन्ही डबे दुकानात शेजारी-शेजारी असतात. १५ लिटरच्या डब्यात तेल असतं १३ किलो ६५० ग्रॅम. समजा, तो २,१०० रुपयांना आहे आणि १५ किलोचा २,२५० रुपयांना. बहुतेक जण दीडशे रुपये वाचवले म्हणून लिटरचा उचलतात. प्रत्यक्षात त्यांना किलोमागे जवळजवळ १५४ रुपये पडतात आणि किलोचा घेणाऱ्याला १५०. दुकानदाराला विचारावं तर उत्तर ठरलेलं, “ताई, लिटर काय न् किलो काय, एकच की हो!” एकच असेल तर मग किलोचा डबा लिटरच्या भावात द्या म्हटलं, की मात्र तो हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

पिशव्यांचा घोळ त्याहून अवघड. पूर्वी खाद्यतेल ठरलेल्या मापातच भरावं लागे. अर्धा, एक, दोन, पाच, मग ते किलो असो वा लिटर. २०२२ मध्ये हे बंधन निघालं आणि आता ८००, ८५०, ८७० ग्रॅमच्या पिशव्या एक लिटरच्या पिशवीला खेटून मांडलेल्या असतात. आकार जवळपास तोच, डोळ्यांना फरक कळत नाही. यावर उपाय म्हणून एक किलो किंवा एक लिटरहून लहान पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत छापण्याचा नियम आला. हेतू चांगला, पण त्याचा उपयोग बघा. एक लिटरची, म्हणजे ९१० ग्रॅमची पिशवी १४५ रुपयांना आणि ८५० ग्रॅमची १३८ रुपयांना आहे असं धरू. नियमातल्यासारखी दोन दशांशांपर्यंत किंमत काढली, तर दोन्हींची ग्रॅममागे ०.१६ रुपये येते. किलोचा हिशेब केला तर पहिली १५९ रुपये ३४ पैसे आणि दुसरी १६२ रुपये ३५ पैसे. तीन रुपयांचा फरक त्या दोन दशांशांत गडप! त्यात एकीवर किंमत ग्रॅमची आणि दुसरीवर मिलिलिटरची असेल तर तुलनाच खुंटली.

तापमानाची गंमत वेगळीच. तेल तापलं की फुगतं. त्यामुळे काही पाकिटांवर लिटरच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात अमुक अंश सेल्सिअस असं छापलेलं असे, कधी तर ६० अंशांपर्यंत. सोयाबीनचं एक लिटर तेल ३० अंशांना ९१३ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. म्हणजे वीस ग्रॅम तेल कमी भरूनही लिटर पुरा! केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये यावर बोट ठेवलं. तापमानाचा उल्लेख काढा आणि लिटरसोबत वजनही छापा, असं सांगून कंपन्यांना १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. हे योग्यच झालं. लिटरमधलं तेल हवामानाप्रमाणे कमी-जास्त होतं. ग्रॅम मात्र नागपूरच्या मे महिन्यात तेवढेच आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरातही तेवढेच.

तेलाचं हे असं, तर दूध आणि मध उलट्या बाजूचे. लिटरभर दूध सुमारे १,०३० ग्रॅम भरतं. मध तर इतका जड, की पाव लिटरच्या बाटलीत साधारण साडेतीनशे ग्रॅम मावतो. म्हणून ५०० ग्रॅम मधाची बाटली लहान दिसली तरी ती फसवणूक नसते. तिथे विनाकारण भांडणारेही मी पाहिले आहेत.

वजन-मापांवर लक्ष ठेवणाऱ्या वैधमापन खात्याकडे मागणी एवढीच, की खाद्यतेलाच्या प्रत्येक पाकिटावर आणि डब्यावर, माप कितीही असो, एक किलोचा भाव ठळक छापायला लावावा. ग्रॅमचा नको, मिलिलिटरचा तर नकोच. ते होईपर्यंत ग्राहकांनी लिटरचा आकडा सोडून त्याच्या शेजारचे ग्रॅम वाचावेत आणि माप कमी वाटलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी.

आणि आपल्याला विनंती, की बाजारभावाच्या रकान्यात ‘तेलाचा डबा’ असं छापताना त्यापुढे किलो की लिटर, तेही द्यावं.

आपली नम्र,
एक गृहउद्योजिका, सांगली