गॅलियमची बातमी आणि रुग्णाची फाईल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

द्रवरूप धातूचे सूक्ष्म थेंब शरीरात स्वतःहून फिरून कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध नेतील, ही आपल्या पुरवणीतली बातमी मी दोनदा वाचली. एकदा घरी, लालबागला. दुसऱ्यांदा परळला, एका रुग्णाच्या फाईलमध्ये.

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोन दिवस बाहेरगावच्या कर्करोग रुग्णांना फॉर्म भरून द्यायला, कागद लावून द्यायला जाते. कराडकडचे एक गृहस्थ वडिलांना घेऊन आले होते. वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग. डॉक्टरांनी गाठ कुठे आहे ते दाखवणारा गॅलियम-६८ पेट स्कॅन लिहून दिला होता आणि गुरुवारी हार्मोनचं इंजेक्शन होतं. त्यांनी आपल्या बातमीचं कात्रण पुढे केलं. ‘‘मावशी, त्यात पण गॅलियम, ह्यात पण गॅलियम. म्हणजे हेच करणार ना? मग इंजेक्शन थांबवू का?’’

त्यांचं काय चुकलं? बातमीत दोन्हींतला फरक कुठेच नव्हता. स्कॅनमधला गॅलियम किरणोत्सारी असतो, अत्यल्प प्रमाणात शिरेतून देतात आणि ६८ मिनिटांत त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. तो गाठ दाखवतो, फिरून औषध पोचवत नाही.

बातमीतला गॅलियम म्हणजे धातूचा थेंब. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हनं १८७१ मध्ये कागदावर वर्तवलेलं हे मूलद्रव्य १८७५ मध्ये खरोखर सापडलं, ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात रंगवून सांगायची. तो ३० अंशांच्या जरा आतच वितळतो, म्हणजे मुंबईच्या मे महिन्यात कपाटातसुद्धा पातळ होईल. दिसायला पाऱ्यासारखा असला तरी पाऱ्यासारखी त्याची विषारी वाफ होत नाही. बातमीत ‘पाऱ्यासारखा धातू’ एवढंच छापल्यामुळे त्या म्हाताऱ्या बाबांनी घाबरून लेकाचा हात धरला होता.

आणि हे थेंब चालतात कशानं? हे शाळकरी मुलालाही समजेल. जस्ताचे दाणे आम्लात टाकले की हायड्रोजनचे बुडबुडे येतात, परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की ‘फट्’ होतं. त्याच बुडबुड्यांच्या रेट्यानं जस्ताच्या सूक्ष्म मोटारी उंदराच्या जठरातल्या आम्लात चालवून दाखवल्या गेल्या, त्याला दहाएक वर्षं झाली. २०१५ मध्ये चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठात गॅलियमच्या मिश्रधातूच्या थेंबाला ॲल्युमिनियमचा कपटा ‘खायला’ दिला आणि तो तासाभराहून जास्त वेळ आपणहून सरकत राहिला. वाचून मला शहारा आला होता! पण तो थेंब चांगला डोळ्यांना दिसेल एवढा होता आणि पोहत होता ॲल्युमिनियम झिजवणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात. रक्तात कॉस्टिक सोडा कुठून आणणार? म्हणून आता अल्ट्रासाऊंडच्या लहरींनी किंवा चुंबकानं असे कण ढकलायचे प्रयोग चालतात. आपल्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही चुंबकानं फिरणाऱ्या सूक्ष्म मळसूत्रांवर काम झालं आहे. पण वाहत्या रक्तात कण जागेवर टिकवायचा कसा, आणि काम झाल्यावर त्यातला धातू शरीराबाहेर कसा जाणार, हे प्रश्न मोठे आहेत.

हे संशोधन यशस्वी व्हावं असं मला मनापासून वाटतं. केमोनं अंगाची काय दशा होते ते मी दर आठवड्याला बघते. औषध नेमकं गाठीतच गेलं तर किती जणांचे हाल वाचतील! अशा बातम्या कमी छापा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. विनंती एवढीच, की प्रयोग काचेच्या बशीत झाला, उंदरावर झाला की माणसावर, हे पहिल्या परिच्छेदात, ठळक अक्षरांत द्या. शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं त्राण रुग्णाच्या माणसात नसतं.

त्या गृहस्थांना इंजेक्शन अजिबात चुकवू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही थांबवू नका, असं सांगितलं. कात्रण त्यांना हवं होतं, म्हणून मथळ्याच्या वर पेनानं ‘अजून माणसावर नाही’ असं लिहून परत दिलं.

आपली,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका,
लालबाग, मुंबई