खोक्यावर सरळ फिरत, आत उलट फिरतीचा इंपेलर: वॉटर पंपाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गुणवत्ता व ग्राहक तक्रार विभाग,
कोल्हापूर.

विषय: शेव्हरोले स्मॉल ब्लॉक 350 इंजिनाच्या वॉटर पंपात चुकीच्या दिशेचा इंपेलर निघाल्याबाबत व वॉरंटी नाकारल्याबाबत.

महोदय,

आपल्या कारखान्यात तयार झालेला वॉटर पंप मी इथे दक्षिण कॅलिफोर्नियात आपल्या वितरकाकडून मार्च महिन्यात विकत घेतला. पावती, खोक्यावरचा पार्ट नंबर आणि कास्टिंगवरचा बॅचचा शिक्का यांचे फोटो सोबत जोडले आहेत. खोक्यावर सरळ फिरतीचा पंप असं छापलं आहे. आत मात्र उलट फिरतीचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, दाबून बसवलेला आहे. वितरकाकडे रीतसर तक्रार केली, ती त्यांनी फेटाळली. खोक्यातल्या कार्डावर कोल्हापूरचा पत्ता दिसला, म्हणून हे पत्र थेट आपल्याला आणि मराठीतच लिहितो आहे. हा पंप ज्यांच्या हातून जुळला आणि ज्यांनी तो तपासून पुढे सोडला, त्यांच्यापर्यंत हे पोचावं अशी माझी इच्छा आहे.

वितरकाने पहिली अडचण काढली ती गाडीवरून. त्यांच्या फॉर्ममध्ये गाडीचं मॉडेल आणि वर्ष भरावं लागतं. माझी गाडी हॉट रॉड आहे. बॉडी 1932 च्या फोर्डची, इंजिन 1970 च्या दशकातलं शेव्हरोले 350. या भागात अशा गाड्या दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून बनतात. जुनी हलकी फोर्ड घ्यायची, तिचं इंजिन वाढवायचं किंवा बदलायचं आणि मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर पळवायची, अशी ही परंपरा. तिथल्या शर्यती भरवणारी संघटना 1937 सालची आहे आणि एल मिराजच्या तळ्यावर आजही दर मोसमात गाड्या धावतात. स्मॉल ब्लॉक शेव्हरोले 1955 साली आलं आणि तेव्हापासून हॉट रॉडवाल्यांचं ते सगळ्यात लाडकं इंजिन झालं. तेव्हा 1932 ची फोर्ड आणि शेव्हीचं इंजिन ही जोडी इथे अगदी नेहमीची आहे. आपल्या पंपाच्या खोक्यावरच हॉट रॉडचं चित्र छापलेलं आहे. असं असताना "गाडी मूळ स्वरूपात नाही" म्हणून वॉरंटी नाकारणं मला पटत नाही. पंप ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाला, चार बोल्टांनी लागतो, बॉडीचा त्याच्याशी काही संबंध येत नाही, आणि ब्लॉक जसा कारखान्यातून आला तसाच आहे.

1932 च्या फोर्डमध्ये रेडिएटर आणि इंजिन यांच्यात जागा फार कमी असते, म्हणून आखूड पंप लागतो. ब्लॉकच्या बैठकीपासून, पुली जिथे बसते त्या हबच्या तोंडापर्यंत साधारण 5.6 इंच. (लांब पंप सात इंचांच्या आसपास भरतो, तो या जागेत मावणार नाही.) आपल्या पंपाची लांबी बरोबर होती, हब बरोबर होता, बोल्टाची भोकं जागच्या जागी बसली. ओतकाम तर सुरेखच होतं. बैठक सपाट, कुठे पोकळ जागा नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीचं काम आहे हे कळल्यावर मला अभिमान वाटला होता, आणि हे मी मनापासून लिहितो आहे.

पंप बसवल्यावर गाडी अंगणात उभी चालू ठेवली की काटा 190 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे 88 सेल्सियसच्या आसपास, शांत राहायचा. गावातही ठीक. पण फ्रीवेला लागून जरा वेग धरला की काटा चढू लागायचा. मे महिन्यात एल मिराजला जाताना सॅन बर्नार्डिनोहून कहोन खिंड चढत होतो. महामार्ग 15 तिथे सव्वाचार हजार फुटांच्या आसपास पोचतो, आणि चढाच्या मध्यावरच काटा 230 च्या, म्हणजे 110 सेल्सियसच्या पुढे गेला. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. थंड झाल्यावर बघितलं तर पाणी कुठेही गळलेलं नव्हतं.

उभ्या गाडीत थंड आणि पळत्या गाडीत गरम, ही खूण महत्त्वाची आहे. दोष फॅनचा किंवा हवेचा असता तर उलट झालं असतं: सिग्नलला गाडी तापली असती आणि रस्त्याला लागल्यावर वाऱ्याने थंड झाली असती. भार आला की तापते, याचा अर्थ इंजिन जेवढी उष्णता तयार करतं तेवढी वाहून न्यायला पाणी पुरत नाही. तरीही पंपाला दोष देण्याआधी मी बाकीचं सगळं तपासलं, कारण नव्याकोऱ्या पार्टवर उगाच आळ घेणं मला आवडत नाही.

काट्यावर विश्वास नको म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. आकडा काट्याशी जुळला. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत उकळायला ठेवला, तो 180 ला उघडायला लागला आणि पुढे पूर्ण उघडला. रेडिएटरची टोपी 15 पौंड दाब धरते की नाही ते दाब तपासायचा हातपंप लावून पाहिलं, धरते. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं तरी इंजिन तापतं, म्हणून तेही लाइट लावून बघितलं, बरोबर होतं. हेड गॅस्केट फुटून सिलिंडरचा वायू पाण्यात येत असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी धरलेलं निळं रसायन पिवळं होतं. माझं निळंच राहिलं. खालचा होज पंपाच्या ओढीने चपटा होत असेल अशी शंका होती, पण इंजिनचा वेग वाढवून पाहिलं तर होज ताठ होता. कूलंट अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल असं नव्याने भरलं आणि आतली हवा काढली. फरक शून्य.

मग रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजचं तापमान भारावर असताना मोजलं. वरून आत जाणारं पाणी आणि खालून बाहेर येणारं पाणी यांच्यात जवळपास 50 अंश फॅरनहाइटचा फरक आला. जुन्या पंपावर याच गाडीत हा फरक 20 च्या खालीच असायचा. रेडिएटर आतून तुंबलेला किंवा लहान असता तर खालून येणारं पाणीही गरमच राहिलं असतं. इथे पाणी रेडिएटरमध्ये इतका वेळ रेंगाळत होतं की चांगलं गार होऊन बाहेर पडत होतं. म्हणजे रेडिएटर आपलं काम करतोय आणि पाणी फिरतंय मात्र सावकाश.

इथे पंपावर बोट आलं. मी वितरकाला ईमेल केला, आकडे कळवले आणि पंपाची मागची पत्री, म्हणजे पत्र्याचं झाकण, उघडून पाहू का, असं विचारलं. उत्तर आलं नाही, स्मरणपत्रालाही नाही. शेवटी पंप उतरवला आणि पत्रीचे स्क्रू काढण्यापासून पुढचं सगळं एका सलग व्हिडिओत टिपलं. तो व्हिडिओ आपण जरूर पाहावा. आतला इंपेलर कोरा होता, गंज नाही, घासलेला नाही, शाफ्टवर घट्ट. बेअरिंगमध्ये खेळ नाही. सीलखालच्या भोकातून एक थेंब आलेला नाही. पण पाती उलट्या अंगाला वाकलेली.

माझ्या इंजिनावर व्ही बेल्ट आहे. क्रँक समोरून पाहिली तर घड्याळाच्या दिशेने फिरते आणि पंपही तसाच. त्या फिरतीला पात्यांची टोकं मागे झुकलेली हवीत, म्हणजे पातं पाण्याला बाहेरच्या कडेकडे सरकवत नेतं. या पंपात टोकं पुढे झुकलेली आहेत. असा इंपेलर सर्पेंटाइन बेल्टच्या इंजिनांसाठी असतो. 1980 च्या दशकात शेव्हरोलेने तो चपटा बेल्ट आणला, त्यात बेल्टची पाठ पंपाच्या पुलीवरून जाते आणि पंप उलट फिरतो. जुना पंप शेजारी ठेवून काढलेला फोटो जोडला आहे. दोघांची पाती आरशात पाहिल्यासारखी एकमेकांच्या विरुद्ध आहेत. आपल्याकडे दोन्ही प्रकार एकाच शाफ्टवर आणि एकाच कास्टिंगमध्ये बसत असतील, तर असेंब्लीच्या टेबलावर दोन पेट्यांची अदलाबदल झाली असावी असा माझा अंदाज आहे.

यावर वितरकाच्या तंत्रज्ञाने फोनवर सांगितलं, की इंपेलर उलटा असता तर पाणी फिरलंच नसतं, आणि तुमची गाडी तर उभी असताना थंड राहते. हे चूक आहे, आणि कोल्हापूरच्या माणसाला मी हे वेगळं समजावायची गरज नाही. शेतावरच्या थ्री फेज मोटरचे दोन फेज उलटे लागले की मोटर उलटी फिरते, पण विहिरीत पाणी परत जात नाही. पाइपातून पाणी येतं, फक्त धार बारीक पडते. शेतकरी धार बघूनच ओळखतो आणि फेज बदलून घेतो. सेंट्रिफ्यूगल पंप कसाही फिरवा, पाणी बाहेरच फेकतो; उलट फिरवला की कमी फेकतो. उभ्या गाडीला तेवढं कमी पाणी पुरतं, चढावर पुरत नाही. मोटरवाल्याला फेज तरी बदलता येतात. मला माझी क्रँक उलट फिरवता येणार नाही.

शेवटची खात्री म्हणून दुसऱ्या बनावटीचा सरळ फिरतीचा पंप बसवला. तोच रेडिएटर, तोच थर्मोस्टॅट, तीच टोपी, तेच कूलंटचं मिश्रण. जुलैच्या उन्हात तीच कहोन खिंड चढलो आणि काटा 195 च्या वर गेला नाही.

हे मी इतक्या तपशिलाने लिहितो आहे त्यामागे पंपाच्या किमतीपेक्षा मोठं कारण आहे. या इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, मधल्या दोन सिलिंडरांचे एक्झॉस्ट पोर्ट एकमेकांना लागून असतात, तिथे उष्णता साठते. पाणी सावकाश फिरलं की आधी त्या जागी वाफ धरते, आणि वाफ धातू थंड करत नाही. काटा 230 दाखवतो तेव्हा तिथला धातू कितीतरी जास्त तापलेला असतो. अशाने बिडाच्या हेडला व्हॉल्व्हच्या बैठकींमध्ये चीर जाते. माझं हेड वाचलं, कारण मी वेळेवर थांबलो. पण त्याच बॅचचे पंप आणखी कितीजणांच्या इंजिनावर असतील? ते लोक रेडिएटर बदलतील, थर्मोस्टॅट बदलतील, हेड उतरवतील. नव्या पंपावर कुणाचा संशय जाणार नाही, कारण तो गळत नाही आणि आवाजही करत नाही. आपल्या वितरकाने मलाही मोठा रेडिएटर घ्यायचा सल्ला दिला. मी तो ऐकला असता तर बिघाड तसाच राहिला असता आणि खर्च तेवढा वाढला असता.

वॉरंटीच्या फॉर्ममध्ये पंपाबद्दल दोनच प्रश्न आहेत: गळतो का, आणि बेअरिंग वाजतं का. दोन्हींचं उत्तर नाही आलं की तक्रार आपोआप बंद होते. हवेच्या दाबाने गळती तपासून आणि शाफ्ट हाताने फिरवून हा दोष सापडणार नाही, ना तुमच्याकडे, ना वितरकाकडे. त्यासाठी पत्री लावण्यापूर्वी कुणीतरी पात्यांकडे बघायला हवं. आणि "पत्री उघडली म्हणून वॉरंटी संपली" हे शेवटचं उत्तर तर मला फार लागलं. पत्री न उघडता हा दोष ग्राहकाला दिसतच नाही. मी आधी विचारलं होतं, त्याची नोंद ईमेलमध्ये आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. पंपाची पूर्ण किंमत, तसंच या पंपामुळे वाया गेलेलं कूलंट आणि गॅस्केट यांचा खर्च परत मिळावा. पावत्या जोडल्या आहेत. मला बदली पंप नको, दुसरा बसवून झाला आहे. या बॅचचे जे पंप कारखान्यात किंवा वितरकाच्या गोदामात शिल्लक असतील, ते पत्री उघडून तपासावेत, आणि चुकीचे निघाले तर विकलेल्या पंपांच्या ग्राहकांना वितरकामार्फत कळवावं. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची मागणी हीच आहे. शिवाय कास्टिंगवर फिरतीच्या दिशेचा बाण ओतावा आणि दोन प्रकारच्या इंपेलरना दोन वेगळे रंग द्यावेत. इंपेलर दाबायच्या प्रेसवर असं फिक्स्चर ठेवता येईल, की उलट्या पात्यांचा इंपेलर त्यात बसणारच नाही. आपल्या टूलरूमला हे काही अवघड नाही. वॉरंटीच्या फॉर्ममध्ये "भार आल्यावर इंजिन तापतं का" हा एक प्रश्न वाढवावा.

माझं लहानपण सांगली जिल्ह्यात गेलं. आमच्या मळ्यावरचं ऑइल इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं होतं, आणि वडील त्याच्या पार्टसाठी दुसरीकडे कुठे जात नसत. इथल्या मित्रांना मी आपला पंप कोल्हापूरचा म्हणून कौतुकाने दाखवला होता. त्यांच्यातला एकजण तोच पार्ट मागवायच्या विचारात आहे. आपलं उत्तर येईपर्यंत मी त्याला थांबायला सांगितलं आहे.

पंप मूळ खोक्यासह माझ्याकडे जपून ठेवला आहे. आपल्याला तपासायचा असल्यास कुरिअरचा पत्ता कळवावा, मी लगेच पाठवतो. हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावं, आणि ते वितरकाकडून न येता आपल्या गुणवत्ता विभागाकडून यावं, ही विनंती.

आपला,
(सही)
रिव्हरसाइड, कॅलिफोर्निया

सोबत: पावत्या, खोक्याचे व बॅचच्या शिक्क्याचे फोटो, दोन्ही इंपेलरचा शेजारी ठेवून काढलेला फोटो, पत्री उघडतानाचा सलग व्हिडिओ, वितरकाशी झालेला ईमेल व्यवहार.