वयाची तपासणी हवी, पण ओटीपीच्या भरवशावर नको

ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अश्लील संकेतस्थळांवर वयाची पक्की तपासणी सक्तीची झाली. ‘मी १८ वर्षांचा आहे’ हे बटण दाबून आता भागत नाही. चेहरा किंवा ओळखपत्र दाखवणे अशा मार्गांनी वय सिद्ध करावे लागते. लगेच तिथे व्हीपीएनची, म्हणजे आपण कोणत्या देशातून इंटरनेट वापरतो हे लपवून तपासणी टाळू देणाऱ्या सेवेची, मागणी वाढली. तरीही लहानग्यांच्या नजरेस चुकून पडणारे बरेच काही यामुळे थांबेल, म्हणून तपासणी हवीच.

आपल्याकडे मात्र अनेक घरांत मोबाइल एकच असतो. सिम आईचे, ओटीपी आईच्या नावावर आणि फोन दिवसभर अभ्यासासाठी मुलाच्या हातात. तिथे वयाची तपासणी ओटीपीने केली, तर तो कोणी टाकला, हे कोण पाहणार? सरकारने नियम करताना हे घर डोळ्यांसमोर ठेवावे. तपासणीसाठी घेतलेली ओळखपत्रे साठवायला कंपन्यांना सक्त मनाई करावी. शाळांनीही पालकसभेत हा विषय न संकोचता काढावा.

– एक पालक, सांगली