यंदा दिवाळीला येत नाही

ती. आप्पा आणि आईस,
शि. सा. न.

पत्र बघून घाबरू नका. तब्येत बरी आहे, पैसे नकोत, कुणाशी भांडण नाही. फोनवर सांगायचं म्हणून तीन रविवार ठरवत होते, पण आईनं "जेवलीस का गं?" म्हटलं की पुढचं घशातच राहायचं. म्हणून कागदावर लिहून दादाच्या मोबाईलवर फोटो पाठवतेय. वहिनी, वाचून तूच दाखवणार, हे मी धरूनच चाललेय. हळू वाच, आणि पुढची ओळ झाली की आईला पाणी दे.

मी अजून एक वर्ष इथंच, मलावीत राहतेय. गेल्या मंगळवारी सही केली.

आधी विचारायला पाहिजे होतं, खरं आहे. पण विचारलं असतं तर आई "तुझी तू बघ" म्हणाली असती, आप्पा काहीच बोलले नसते, आणि मी बॅग भरली असती. आप्पा, १९८१ ला तुम्ही निपाणीत शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनात हायवेवर जाऊन बसलात, तेव्हा आजीला कुठं विचारलं होतं? गोळीबाराच्या दिवशी तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली तरी ती उठली नाही, हे ती शेवटपर्यंत सांगायची. तुलना चुकलीच माझी. तुम्ही हक्कासाठी गेला होता, मी पगाराची नोकरी सोडून आलेय. पण लिहिलंय ते खोडत नाही, कागद मोजकेच उरलेत.

कारणं पुष्कळ आहेत. या आरोग्य केंद्रात आम्ही दोघीच नर्स, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर गेलीय. बदली कधी येईल कुणाला ठाऊक नाही. संस्था राहायची सोय आणि खर्चापुरते पैसे देते. बेळगावच्या दवाखान्यातली नोकरी तशीही परत मिळणार नव्हती. ही सगळी खरी आहेत, पण तुम्हाला फसवायचं नाही म्हणून सांगते, सही मी यातल्या कशासाठीच केली नाही.

इथं दवाखाना पेशंटची फाईल ठेवत नाही. ज्याची त्याची एक वही असते, तिला हेल्थ पासपोर्ट म्हणतात. ताप असो, बाळंतपण असो, सगळं त्याच वहीत आणि बरचसं इंग्रजीत. मार्चमध्ये एक बाई आली, पाठीला लेकरू बांधलेलं. कमरेच्या कापडातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी, त्यातून वही. दोन पावसाळे जपलेली, एक पान भिजलेलं नाही. ती तिनं उलटी धरली होती. आत लिहिलं होतं, रक्तदाब वाढलाय, पंधरा दिवसांनी परत या. तारीख दीड वर्षापूर्वीची. हे तिला कुणी वाचूनच दाखवलं नव्हतं.

आणि मला तुम्ही दिसलात आप्पा. हेस्कॉमचं लाइटबिल हातात, जरा लांब धरायचं, जरा जवळ, मग "बारके, हिकडं ये, काय लिवलंय बघ." पाचवीत होते मी. मराठी शाळेत एक विषय म्हणून शिकलेल्या कन्नडवर घरातला सगळा कारभार चालायचा. शेताचा उतारा, बँकेची नोटीस, रेशनचा फॉर्म. एकदा मी आकडा चुकीचा वाचला आणि तुम्ही ऑफिसात जाऊन भांडून आलात. तरी पुढचं बिलही माझ्याच हातात दिलंत.

आता दर गुरुवारी दवाखान्यामागच्या आंब्याखाली आम्ही वह्या वाचून दाखवतो. आपल्याकडच्या आशाताईंसारखे इथंही गावागावात सरकारी कार्यकर्ते असतात, त्यातले एक शेजारी बसतात आणि माझी मोडकी चिचेवा, म्हणजे इथली भाषा, सावरून घेतात. पहिल्या गुरुवारी चार बायका होत्या, परवा रांग होती. नुकतं कुठं मार्गी लागलंय. तुमचे कन्नड कागद वाचायला घरात कुणी नाही आणि मी इथं परक्यांच्या वह्या वाचत बसलेय, हे मला कळतं. दिवसा कामात विसरते, रात्री जास्त कळतं.

पण परकं म्हणावं तर तसंही नाही. आईला इथं 'अमायी' म्हणतात, बापाला 'बाम्बो', आजी-आजोबांना 'अगोगो'. आपल्यासारखंच वडीलधाऱ्याला एकेरी बोलत नाहीत. आणि मी राहते तो कासुंगू हा तंबाखूचाच जिल्हा. बर्ली तंबाखू, म्हणजे आपल्या विडीच्या तंबाखूसारखी उन्हात वाळवत नाहीत, गवताने शाकारलेल्या मांडवात काठ्यांना पानं टांगून सावलीत वाळवतात. मी आले तेव्हा गेल्या वर्षीचा माल निघत होता. जीपमधून उतरले, वास आला आणि मी रस्त्यावरच रडायला लागले. ड्रायव्हरला वाटलं गाडी लागली.

आई, वखारीतून आल्यावर तू आधी मोरीत जाऊन हातपाय धुवायचीस, मगच मला घ्यायचीस. तरी पदराला तो वास राहायचाच. बाकीच्यांच्या आयांना तसा वास का येत नाही, असं मला वाटायचं. फेब्रुवारीत तोडणी चालू असताना बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा ओकाऱ्या करत आला, चक्कर, डोकं धरून बसलेला. सोबतचे म्हणत होते मलेरिया. मी त्याचा शर्ट हुंगला. पहाटे दवात भिजलेली पानं छातीशी धरून वाहिली होती त्यानं. तंबाखू लागली होती, तुला वखारीत पहिल्या दिवशी लागली तशी. ओल्या पानातला निकोटीन कातडीतून आत जातो, हे मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी तुझ्याकडून ऐकलं होतं. कपडे काढून साबणानं धुतला त्याला, घोट घोट पाणी पाजलं, संध्याकाळी चालत घरी गेला.

आता लिलावाचे दिवस चाललेत. गाठोडी राजधानीला, लिलाँग्वेला जातात आणि परत आलेला माणूस दराबद्दल जे बोलतो, ते मला एक शब्द न कळता कळतं. आप्पा, तुम्ही असता तर त्यांच्यात बसून पहाटेपर्यंत वाद घातला असता.

माझं खाणंपिणं उत्तम आहे. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, तिला न्सीमा म्हणतात, हातानंच खायची. बरोबर भोपळ्याचा पाला, त्यात शेंगदाण्याचं कूट. खरंच, कूट! लसूण तेवढा कमी पडतो, तो मी माझ्या ताटात घालते. त्याच पिठाची भाकरी थापून बघितली, परातीतून उचलताना तीन तुकडे झाले, शेजारच्या अमायी पोट धरून हसल्या. लिलाँग्वेला गुजराती दुकानात बेसन, हिंग, मोहरी सगळं मिळतं. तूर तर इथंच पिकते, २०२१ च्या करारात दर वर्षी ५० हजार टन आपल्याकडे पाठवायचं ठरलं होतं. तेव्हा आई, "तिकडं खायला काय मिळतंय गं" हा प्रश्न आता बंद. तुझ्या आमटीतली डाळ इकडचीही असेल.

खोली पक्की आहे, दाराला आतून दोन कड्या. लाइट जाते, पण ती निपाणीत काय जात नाही? सौर दिवा आहे. पाणी उकळून पिते. मच्छरदाणीत झोपते. जानेवारीत एकदा मलेरिया झाला होता, तेव्हा सांगितलं नाही, तीन दिवसांच्या गोळ्यांत बरी झाले. वहिनी, हे वाक्य पटकन वाच. सध्या तर थंडी आहे, जुलैत! तुम्ही दिलेली घोंगडी कामाला येतेय. काल ६ तारखेला यांचा स्वातंत्र्यदिन होता, सुट्टी होती, म्हणून एवढं लांबलचक लिहायला सुचतंय.

आता माझं ऐका. आप्पा, मोतीबिंदूचं ऑपरेशन मी आल्यावर करायचं, हे तुम्ही परस्पर ठरवलंय. ते रद्द. पावसाचा जोर ओसरला की दादाबरोबर कोल्हापूरला जायचं. त्याआधी उपाशीपोटी आणि जेवल्यावर दोन तासांनी साखर तपासायची. "काल गोड खाल्लंय, आज नको" असलं चालणार नाही. साखरेची गोळी जेवणाबरोबर, चहाबरोबर नव्हे. शेतात अनवाणी जायचं नाही. रोज रात्री आईनं तुमचे तळवे उजेडात बघायचे, जखम दिसली की हळद भरून गप्प बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. तुम्हाला लाज वाटते मला माहीत आहे. वाटू दे.

आई, खोकला तीन आठवड्यांच्या वर गेलाय असं आक्का म्हणाली. तू मला "कुठं काय" म्हणालीस. छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी करून घे, रागावून सांगत नाही, पण करून घेच. जिरं भाजताना खिडकी उघड. बेंदराला पुरणाचा घाट घातला असशील दुखऱ्या गुडघ्यांसकट. किती पोळ्या केल्यास ते खरं सांग, माझ्या वाटणीची कुणी खाल्ली तेही.

वहिनी, शंभर पानी दोन वह्या आण. एकीवर आप्पांचं नाव, एकीवर आईचं. डॉक्टरकडे जाताना वही बरोबर, काय सांगितलं ते तिथंच मराठीत लिहून घ्यायचं. जुने रिपोर्ट कपाटातल्या साडीच्या पेटीत आहेत, तेही त्यात चिकटव.

आणि आप्पा, कन्नडमधल्या कुठल्याही कागदावर मी वाचल्याशिवाय सही नाही. कुणी कितीही घाई करू दे, कागद घरी आणायचा, फोटो पाठवायचा. इथलं घड्याळ साडेतीन तास मागे आहे, तुम्ही रात्री पाठवलात तरी मी जागी असते. मागच्या बिलाच्या फोटोत आईचं बोट नेमकं रकमेवर आलं होतं. कागद खाटेवर सपाट ठेवा, दोन्ही हात बाजूला घ्या, मग काढा.

रविवारी तुमच्या साडेसहाला फोन करते. रागवायचं असेल तर तेव्हा रागवा, पण फोन उचला.

तुमची,
बारकी