पुडीतली गोळी कोणती होती?

संपादक साहेब, नमस्कार.

मी केज तालुक्यातल्या एका गावात झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान चालवतो. पीक विमा, सातबारा, आभा कार्ड, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं माझ्याकडंच येतं. तुमचा पेपर दुकानात रोज असतो पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय, आणि ते लिहायला लावलं एका कॅप्सूलनं.

मागच्या सोयाबीन काढणीत माझी दाढ ठणकायला लागली. गाल सुजला, झोप नाही, म्हणून नेहमीच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी तोंडात बॅटरी मारून बघितलं, पू झालाय म्हणाले, आणि तीन दिवसांच्या पुड्या बांधून दिल्या. पुड्या म्हणजे जुन्या डायरीच्या पानाचे तुकडे, प्रत्येकात तीन गोळ्या, एक मोठी पांढरी, एक बारकी पिवळी आणि एक लाल-पिवळी कॅप्सूल. चिठ्ठी नाही, नाव नाही, फक्त "जेवून घ्या" एवढंच. आमच्याकडं असंच चालतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

रात्री भाकरी खाऊन पहिली पुडी घेतली. वीस मिनिटं झाली असतील नसतील, तळहात खाजायला लागले. मग कान गरम, मग पोटावर, मांड्यांवर ह्या एवढाल्या गांधी उठल्या. बायको म्हणाली, "अहो, पित्त उठलंय, थांबा आमसुलाचं पाणी करते." ती पाणी घेऊन येईपर्यंत माझा वरचा ओठ नाकाला टेकतो की काय एवढा सुजला होता आणि आवाज घोगरा झालेला, बोलायला गेलो की गळ्यात कुणीतरी बोळा कोंबल्यासारखं वाटायचं. नंतर उलटी झाली आणि डोळ्यापुढं अंधारी आली. शेजाऱ्याची जीप दारातच उभी होती म्हणून तीतच टाकून सरकारी दवाखान्यात नेलं, रस्ता २२ किलोमीटरचा, आणि सगळा वेळ मला बसवून धरलं होतं कारण बसलं की बरं वाटंल असं सगळ्यांना वाटलं. तिथल्या डॉक्टरनी नंतर सांगितलं की चक्कर येत असेल तर माणसाला आडवं करून पाय वर ठेवायचे, उभं करायचं नाही, दमच लागला असेल तर मात्र टेकून बसवायचं.

तिथं गेल्या गेल्या मांडीत एक सुई दिली. ॲड्रेनॅलिनची. मी शुद्धीत होतो त्यामुळं मला चांगलं आठवतं, छातीत धडधड वाढली, हात कापायला लागले आणि पाच-दहा मिनिटांत गळा मोकळा व्हायला लागला. मग ऑक्सिजन, सलाईन. बरं वाटल्यावर मी घरी जातो म्हणालो तर सिस्टरनी सोडलं नाही, रिॲक्शन काही तासांनी परत उलटून येऊ शकते म्हणून रात्रभर ठेवलं. गावात असं काही झालं की लोक सिट्रीझिनची गोळी देतात. तिनं खाज कमी होते, पण बंद होत चाललेला गळा आणि खाली गेलेलं बीपी तिनं सावरत नाही. त्याला ॲड्रेनॅलिनच लागतं आणि ते वेळेत लागतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते सांगतो. दवाखान्यातल्या डॉक्टरनी माझ्या बायकोला पहिला प्रश्न विचारला, "गोळी कोणती घेतली?" तिनं पदराच्या गाठीतून उरलेल्या पुड्या काढून दाखवल्या. डॉक्टरनी ती कॅप्सूल उजेडात धरून फिरवून फिरवून बघितली, तिच्यावर काहीच छापलेलं नव्हतं. पांढरी गोळी दुखण्याची असेल म्हणाले, आणि दुखण्याच्या गोळीनंसुद्धा अशी रिॲक्शन येते, त्यामुळं तिघींतली कोणती हे सांगता येईना. गावातल्या डॉक्टरांना फोन लावला तर रात्री फोन बंद. दुसऱ्या दिवशी कंपाउंडर म्हणाला, ती लाल-पिवळी अँटिबायोटिक होती, अमॉक्सिसिलिन असंल बहुतेक. बहुतेक! एका माणसाचा जीव जाता जाता वाचला आणि उत्तर काय, तर बहुतेक.

त्यानंतर दीड महिना मी एकही गोळी तोंडात टाकली नाही. ताप आला तरी ओल्या फडक्यावर काढला. सहा आठवड्यांनी पुण्याला भावाकडं जाऊन ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवलं (लगेच टेस्ट केली तर चुकीची येऊ शकते म्हणून थोडं थांबावं लागतं). त्यांनी हातावर थेंब टाकून बारीक टोचून बघितलं, एका ठिकाणी गाठ उठली, आणि तेव्हा कुठं कागदावर नाव आलं, अमॉक्सिसिलिन. दुखण्याची गोळी त्यांनी समोर बसवून थोडी थोडी देऊन बघितली, तिचं काही झालं नाही.

पुण्याच्या डॉक्टरनी विचारलं, आधी कधी असं झालं होतं का. मी नाही म्हणालो. घरी आल्यावर मायला विचारलं तर ती म्हणाली, "अरे बाबा, आठ-नऊ वर्षांमागं खोकल्याला तसलीच लाल-पिवळी गोळी दिली होती की, तवाबी अंगावर गांधी उठल्या होत्या, गरम पडली म्हणून ताक पाजलं होतं तुला." मला साफ आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते ते तेव्हा डोक्यात बसलं, की आधी कधी ते औषध घेतलेलं असतं तेव्हा शरीर त्याला दुश्मन म्हणून ओळखायला शिकतं, त्याच्याविरुद्ध तयारी करून ठेवतं, आणि पुढच्या वेळी सगळं एकदम बाहेर काढतं. त्या वेळच्या गांधी ही सूचना होती. ती आम्ही ताकाबरोबर पिऊन टाकली.

साहेब, आपल्याकडं "पित्त उठलं" आणि "गोळी गरम पडली" ह्या दोन शब्दांत किती जणांची ॲलर्जी दबून राहिली असेल. गांधी उठल्या की पित्त, तोंड आलं की उष्णता, आणि ज्या गोळीनं झालं तिचं नाव कुणालाच ठाऊक नसतं कारण ती पुडीत आलेली असते. मेडिकलवालेही काही वेगळं करत नाहीत, दोन गोळ्या मागितल्या की कात्रीनं पट्टी अशी कापतात की नाव एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्यावर आणि आपल्या हातात नुसता चंदेरी कागद. पट्टीवर उभी लाल रेघ असते ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणून असते, पण कापलेल्या तुकड्यावर ती तरी कुठं दिसते. सेफिक्झिम ह्या अँटिबायोटिकसारख्या औषधांसाठी दुकानदारानं पेशंटचं, डॉक्टरचं आणि औषधाचं नाव रजिस्टरला लिहून तीन वर्षं जपायचं असा नियम २०१४ पासून आहे. डॉक्टरनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहावं हेसुद्धा २०१६ पासून नियमात आहे. मग आमच्या डायरीच्या पानावर एक नाव लिहायला पेनाची किती शाई लागते?

मी डॉक्टर लोकांवर राग धरून नाही. आमचे डॉक्टर रात्री-अपरात्री उठून येतात, उधारीवर औषध देतात, साप चावला तर स्वतःच्या गाडीत घालून नेतात. पुडीसुद्धा ते गरिबाला स्वस्त पडावी म्हणूनच देतात. पण पुडीवर नाव लिहावं, आणि द्यायच्या आधी "कोणत्या औषधानं कधी अंगावर उठलं होतं का" एवढं विचारावं. हे विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो हे खरं आहे, पण माय सोबत असती तर ती बोलली असती.

उलटं पण सांगायला पाहिजे नाहीतर लोक घाबरून बसतील. हे छापून आलं की दहा जण म्हणतील मलाही अँटिबायोटिकची ॲलर्जी आहे. नुसते जुलाब झाले, मळमळलं, तोंड कडू झालं, ही सहसा ॲलर्जी नसते, तो गोळीचा त्रास असतो. पुण्याच्या डॉक्टरनी सांगितलं की पेनिसिलिनची (अमॉक्सिसिलिन त्याच घरातलं) ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्या १०० लोकांची नीट टेस्ट केली तर ९० पेक्षा जास्त लोकांना ती नसतेच. आणि खोटा शिक्का बसला की साध्या स्वस्त औषधाच्या जागी भारीतलं, जास्त जोराचं औषध द्यावं लागतं आयुष्यभर. म्हणून काय झालं, किती वेळात झालं, फोटो, आणि गोळीचं नाव, हे जपून ठेवून डॉक्टरलाच ठरवू द्यावं. घरी परत एक गोळी घेऊन बघू असं तर कुणीच करू नये. औषधाची रिॲक्शन झाली तर आपण स्वतः कळवू शकतो, त्यासाठी सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-१८०-३०२४. हे मलाही आधी माहीत नव्हतं, आता दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय.

आणि कंपनीच्या नावावर जाऊ नका. एकच अमॉक्सिसिलिन कितीतरी नावांनी विकलं जातं, दुसऱ्या औषधात मिसळूनही येतं, त्यामुळं नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचायचं. माझ्यापुरतं सांगायचं तर शेवटी "सिलिन" आलं की मी थांबतो आणि विचारतो, अँपिसिलिन, क्लॉक्सासिलिन, सगळी एका घरातली.

माझ्या पाकिटात आता आधार कार्डाच्या मागं एक कार्ड आहे, वर लाल अक्षरात "अमॉक्सिसिलिन देऊ नका", खाली रक्तगट, बायकोचा नंबर आणि काय झालं होतं ते दोन ओळीत. घरचंच लॅमिनेशन मशीन आहे. ते बघून गल्लीतल्या एका म्हातारीनं तिच्या सल्फाच्या गोळीचं करून नेलं, मग एका पोराच्या वडिलांनी केलं. ज्याच्याकडं डॉक्टरचा कागद आहे त्याला मी हे कार्ड पैसे न घेता करून देतो. कागद नसेल तर निदान गोळीच्या पट्टीचा, नाव दिसेल असा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि आधी डॉक्टरला दाखवून या. दुकान सकाळी नऊला उघडतं.

आपला एक वाचक,
केज तालुका, जि. बीड