ठोके मोजतो, मग त्यांच्यातले अंतर का सोडून देतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘सिस्टर, ठोके ८४ आहेत, म्हणजे बरे आहेत ना?’ अतिदक्षता विभागातल्या माझ्या २६ वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न रोजचाच होता. नातेवाइकांची नजर मॉनिटरवरच्या त्या एका आकड्यावर खिळलेली असते. मीही बहुतेकदा मान डोलावून पुढच्या खाटेकडे वळायचे.

एक रात्र मात्र मनातून जात नाही. पोटाची शस्त्रक्रिया झालेला, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण होता. दर तासाला मी चार्टवर ठोके लिहीत होते. ९६, ९६, ९७, पुन्हा ९६. कूस बदलून दिली, सक्शनने घशातला कफ ओढून काढला, तरी आकडा जागचा हलेना. शेवटी ‘स्थिर’ असा शेरा मी माझ्याच हाताने लिहिला. पहाटे त्याचे बीपी कोसळले. सेप्सिस झाला होता, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेली जीवघेणी प्रतिक्रिया. त्या एकसुरी आकड्यांत आधीच इशारा होता का, हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही, आणि तासातासाच्या नोंदीत तर तो दिसणेही कठीण. पण त्या दिवसापासून ‘स्थिर’ हा शब्द लिहिताना माझा हात अडखळू लागला आणि मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले.

निरोगी हृदय घड्याळासारखे टिकटिक करत नाही. मिनिटाला ६० ठोके पडत असले, तरी एक ठोका ९५० मिलिसेकंदांनी येतो, तर पुढचा १०४० मिलिसेकंदांनी. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. मेंदूकडून व्हेगस नर्व्ह या नसेमार्फत हृदयाला क्षणोक्षणी निरोप येत असतात, त्यांचा हा परिणाम. शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह वाढला की ही लवचीकता आटते आणि ठोके एका साच्यात पडू लागतात. या चढउताराला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही म्हणतात.

ही काही कालपरवाची कल्पना नाही. पोटातले बाळ संकटात येते तेव्हा ठोक्यांची गती बदलण्याआधी त्यांच्यामधली अंतरे बदलतात, हे १९६५ मध्येच नोंदले गेले. १९८७ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या ठोक्यांतला चढउतार फार कमी होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका भरपूर चढउतार असलेल्यांच्या पाचपटींहून अधिक निघाला. नवजात बाळांचे काम मला सगळ्यांत मोलाचे वाटते. अमेरिकेत १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या ३००३ बाळांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. सगळ्यांचेच ठोके यंत्र तपासत होते. फरक एवढाच, की निम्म्या बाळांच्या बाबतीत ठोक्यांच्या चढउतारावरून काढलेला धोक्याचा अंक डॉक्टरांना दिसत होता, उरलेल्यांच्या बाबतीत झाकलेला होता. अंक झाकलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण १०.२ टक्के होते, अंक दिसणाऱ्या गटात ८.१ टक्के. व्हेंटिलेटरविना गेलेले दिवस हा त्या चाचणीचा मुख्य निकष होता आणि त्यात ठळक फरक पडला नाही, हेही सांगायला हवे. तरीही शंभरामागे दोन बाळे! ज्या सिस्टरने असे बाळ हातात घेतले आहे, तिला हा फरक किरकोळ वाटणार नाही.

अडचणी आहेतच. झोपेची औषधे, ठोके मंद करणारे बीटा ब्लॉकर, बीपी वाढवणारे नॉरॲड्रेनॅलिन आणि व्हेंटिलेटरने ठरवून दिलेला श्वास या सगळ्यांनी एचआरव्ही बदलते. वयानुसार ती घटतेच. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड) किंवा पेसमेकर असेल तर नेहमीचा हिशेब लागू पडत नाही. म्हणून सर्वांसाठी एक आकडा ठरवून त्याखाली अलार्म वाजवू नये. आधीच इतके अलार्म वाजतात की कान बधिर होतात. रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या आलेखाशी व्हावी. रेघ खाली झुकू लागली की लगेच प्रतिजैविक सुरू करायचे नाही. खाटेपाशी जायचे, रुग्णाला हात लावून पाहायचे, डॉक्टरांना बोलवायचे, लॅक्टेट आणि ब्लड कल्चर या रक्ताच्या तपासण्या पाठवायच्या का ते विचारायचे.

खेद याचा वाटतो, की यासाठी रुग्णाला एकही नवी सुई टोचावी लागत नाही, तरी आपण हे सोडून देतो. छातीवर चिकटवलेल्या ईसीजीच्या तारांतून प्रत्येक ठोका येतच असतो. आपण त्याची सरासरी काढून एक आकडा दाखवतो आणि मधली अंतरे बहुतेक ठिकाणी कुणी जपूनही ठेवत नाही. मॉनिटर खरेदी करताना रुग्णालयांनी पडद्याचा आकार पाहण्याआधी विचारावे: ठोक्याठोक्याची नोंद साठवता येते का, ती बाहेर काढता येते का, १२ तासांचा आलेख सिस्टरला खाटेपाशी दिसतो का? औषध कधी वाढवले, कधी बंद केले, हे त्याच आलेखावर लिहिण्याची सोय हवी, नाहीतर रेघ कशाने बदलली हे कळणारच नाही. सुरुवात नवजात अतिदक्षता विभागांपासून करावी. ड्यूटी बदलताना बीपी, ऑक्सिजन, लघवीचे प्रमाण आपण एकमेकींना सांगतोच; त्यात या रेघेची एक ओळ घालायला अर्धे मिनिटही लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका