फी भरून कोणी लेखक होत नाही, पण...

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की लिहिणं हे एकट्याचं काम, त्याला संघटना कशाला हवी, मेंबरशिपची फी भरून कोणी लेखक होत नाही. शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. पण मुलांसाठी लिहिणाऱ्याला संघटनेची गरज नाही हे अजिबात पटलं नाही, कारण मी बरीच वर्षं एकटीनेच लिहिलंय आणि ते मला महागात पडलंय, म्हणून हे पत्र.

माझ्या पहिल्या पुस्तकाचं कॉन्ट्रॅक्ट आलं तेव्हा आनंदाच्या भरात मी लगेच सही करून टाकली. वाचलं नव्हतं असं नाही, वाचलं होतं, पण 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील' म्हणजे नेमकं काय जातंय हे कळलंच नाही, मला वाटलं सगळ्यांचं असंच असतं. आणि विचारणार तरी कोणाला? घरात कोणी लिहिणारं नाही, मैत्रिणी म्हणाल्या छापतायत ना, मग झालं तर. पुढे त्याच गोष्टीचं ऑडिओबुक निघालं, दुसऱ्या एका भाषेत भाषांतर झालं, मला त्यातला एक पैसा मिळाला नाही. तक्रार करायलाही जागा नव्हती कारण सही माझीच होती.

नंतर मुलांसाठी लिहिणाऱ्यांच्या एका संघटनेत गेले, तेही जरा बिचकतच, आणि तिथल्या एका सीनियर लेखिकेने मला चहाच्या सुट्टीत जे समजावलं ते कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नव्हतं. हक्क विकून टाकणं वेगळं आणि ठराविक मुदतीसाठी वापरायची परवानगी देणं वेगळं. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, फिल्म हे सगळे हक्क सुटे सुटे देता येतात. रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या प्रतींमागे लेखकाला मिळणारा वाटा, छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हातात प्रत्यक्ष येणाऱ्या रकमेवर हे विचारायचं, कारण दुकानदाराचं कमिशन वजा झालं की टक्का तोच राहतो आणि पैसे बरेच कमी होतात. पुस्तक बाजारातून गेलं आणि पुन्हा छापलं नाही तर हक्क परत लेखकाकडे यावेत असा क्लॉज मागता येतो. चित्रांचं पुस्तक असेल तर रॉयल्टी बऱ्याचदा चित्रकाराबरोबर वाटली जाते, हेही मला तेव्हाच कळलं. हे गुपित नाही हो, पण माहीत असलेलं माणूस भेटावं लागतं.

आता लिखाणाबद्दल. लहान मुलांचं चित्रपुस्तक बहुतेक वेळा 32 पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद घडी घातला की पानं आठाच्या किंवा सोळाच्या पटीत पडतात, आणि त्यातली नावाची वगैरे पानं सोडली की गोष्टीला बारा-चौदा जोडपानंच, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्याच, उरतात. मी मात्र चार-चार पानं वर्णन लिहायचे. संघटनेत एकमेकांचं लिखाण वाचायचा आमचा एक गट आहे, तिथे आपली गोष्ट आपण वाचायची नाही, दुसऱ्याने मोठ्याने वाचायची असा नियम आहे. माझी गोष्ट एकजण वाचत होते, ते तिसऱ्याच वाक्याला अडखळले, पुन्हा वाचलं, पुन्हा अडखळले, आणि मला तिथल्या तिथे कळलं की रात्री मुलाला मांडीवर घेऊन वाचणारी आईसुद्धा इथेच अडखळणार. दुसऱ्या एकीने मुलीच्या लाल फ्रॉकचं अख्खं वाक्य खोडलं, म्हणाली चित्रात दिसेल ना. तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण ते पुस्तक पुढे छापलं गेलं आणि ते वाक्य त्यात नाही.

या संघटना काही आजकालचं फॅड नाहीत. इंग्लंडमध्ये लेखकांची 'सोसायटी ऑफ ऑथर्स' 1884 पासून आहे आणि तिथे मेंबरचं कॉन्ट्रॅक्ट सही करायच्या आधी तज्ज्ञ माणूस वाचून सल्ला देतो. फक्त मुलांसाठी लिहिणाऱ्या-चित्रं काढणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ चिल्ड्रन्स बुक रायटर्स अँड इलस्ट्रेटर्स' 1971 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या काही लेखकांनी सुरू केली आणि आज तिच्या शाखा बऱ्याच देशांत आहेत. तिथे एकही पुस्तक छापलेलं नसलं तरी मेंबर होता येतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण खरी मदत त्याच माणसाला हवी असते.

सगळ्याच संघटना चांगल्या असतात असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी वर्षाला एक सत्कार, हार-तुरे आणि ग्रुप फोटो एवढंच चालतं. म्हणून फी भरायच्या आधी विचारा, इथे कॉन्ट्रॅक्ट कोणी वाचून देतं का, एकमेकांचं लिखाण वाचणारे गट आहेत का, एखाद्या बैठकीला नुसतं येऊन बसता येईल का. आणि तुमचं पुस्तक छापायला तुमच्याकडूनच पैसे मागणारा कोणी तिथे ओळख वाढवत असेल तर सरळ उठून या. नवीन लेखक यालाच फार फसतात, कारण पुस्तक हातात यावं ही ओढच तशी असते.

माझ्या तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी ऑडिओ आणि भाषांतराचे हक्क माझ्याकडे ठेवायचे आहेत असं प्रकाशकाला एका साध्या मेलमध्ये कळवलं. दोन दिवसांत 'ठीक आहे' असं उत्तर आलं.

संपादक साहेब, तुमच्या रविवारच्या मुलांच्या पानावर कितीतरी नवीन लोक लिहितात. गोष्ट स्वीकारल्याचं कळवताना त्यांना अशा संघटनांची माहितीही देता आली तर बघा, एवढीच विनंती.

आपली,
मुलांसाठी लिहिणारी एक वाचक